लॉ कॉलेजचा अभ्यासक्रम आणि नियम नेमके कोण ठरवते?

कामगार कायद्याच्या पेपरमध्ये जुने अधिनियम शिकवायचे की नव्या संहिता, मूट कोर्टला (सरावासाठी वर्गात चालवलेल्या लुटुपुटूच्या खटल्याला) किती गुण ठेवायचे, हजेरी कमी पडलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसू द्यायचे की नाही, असे प्रश्न लॉ कॉलेजात दर सत्राला उभे राहतात आणि बहुतेक विद्यार्थी ते घेऊन थेट प्राचार्यांच्या दालनात जातात. प्राचार्य काही प्रश्न तिथल्या तिथे सोडवतात, काहींवर ‘हे विद्यापीठाच्या हातात आहे’ असे सांगतात आणि काहींवर बार कौन्सिलच्या नियमाकडे बोट दाखवतात. ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असू शकतात, कारण विधी शिक्षणाचा कारभार तीन-चार ठिकाणांहून चालतो. कोणता निर्णय कोणाच्या अधिकारात आहे हे ठाऊक नसेल, तर अगदी रास्त तक्रारसुद्धा भलत्याच टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहते. म्हणून महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न असलेली विधी महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून ही रचना समजून घेऊ.

सुरुवात बार कौन्सिल ऑफ इंडियापासून करावी लागते. पदवी विद्यापीठ देते, पण त्या पदवीवर वकिलीची सनद मिळेल की नाही हे बार कौन्सिलच्या मान्यतेवर अवलंबून असते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ७ नुसार विधी शिक्षणाला चालना देणे आणि विद्यापीठे व राज्य बार कौन्सिल यांच्याशी विचारविनिमय करून त्या शिक्षणाचा दर्जा ठरवणे, हे बार कौन्सिलचे काम आहे. ज्या विद्यापीठांची विधी पदवी सनदेसाठी ग्राह्य धरायची, त्यांना मान्यता देणे आणि त्यासाठी तपासणी करणे हेही त्याच कलमात येते. या कामासाठी दहा सदस्यांची विधी शिक्षण समिती असते. त्यातील पाच सदस्य कौन्सिलमधून निवडलेले आणि पाच बाहेरून स्वीकृत केलेले असतात. कायद्यातील ‘विचारविनिमय’ या अटीला माझ्या मते फार महत्त्व आहे. वर्गात शिकवणारी माणसे विद्यापीठांत आहेत आणि नियम करण्याचा अधिकार कौन्सिलकडे आहे, तेव्हा या दोघांमधले बोलणे जितके नियमित असेल तितका नियम वर्गात राबवण्याजोगा होतो. विधी आयोगाने २००२ मधील आपल्या १८४ व्या अहवालात याच विचारविनिमयाची व्यवस्था अधिक पक्की करण्यावर भर दिला होता.

बार कौन्सिलने २००८ मध्ये केलेले विधी शिक्षण नियम हा आजच्या अभ्यासक्रमाचा पाया आहे. पदवीनंतरचा तीन वर्षांचा आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक, अशा दोन्ही अभ्यासक्रमांना ते लागू होतात. त्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत २० अनिवार्य विषय दिले आहेत: विधिशास्त्र, करार कायद्याचे दोन पेपर, अपकृत्ये व ग्राहक संरक्षण, कौटुंबिक कायद्याचे दोन, फौजदारी कायद्याचे दोन, संविधानाचे दोन, मालमत्ता, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, प्रशासकीय कायदा, कंपनी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा, कर, पर्यावरण आणि कामगार कायद्याचे दोन. त्यांच्या जोडीला चार प्रात्यक्षिक पेपर आणि किमान सहा ऐच्छिक विषय असतात. आठवड्याला किमान ३० तास अध्यापन आणि त्यात किमान २४ तास व्याख्याने व्हायला हवीत. प्रत्येक संस्थेने विधी साहाय्य केंद्र चालवावे, आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने एकूण किमान १२ तर पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी, असेही हे नियम सांगतात. या चौकटीला धक्का लावण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही आणि एकट्या विद्यापीठालाही नाही.

चौकट किती बारकाईने आखली आहे, हे मूट कोर्टच्या पेपरवरून कळते. हा पेपर १०० गुणांचा आहे. त्यातील ३० गुण मूट कोर्टचे, म्हणजे वर्षभरात तीन मूट आणि प्रत्येकी १० गुण. पुढचे ३० गुण प्रत्यक्ष न्यायालयात एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले पाहून त्यांची नोंद ठेवण्यासाठी. त्यानंतरचे ३० गुण दोन भागांत विभागलेले आहेत: वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी साहाय्य केंद्रात पक्षकाराशी होणाऱ्या दोन मुलाखती पाहून डायरीत उतरवण्यासाठी १५, आणि दाव्याची किंवा अर्जाची कागदपत्रे कशी तयार होतात व दाखल होतात हे पाहण्यासाठी १५. शेवटचे १० गुण तोंडी परीक्षेचे. मसुदालेखनाच्या पेपरमध्येही अशीच विभागणी आहे. कैफियती, अर्ज यांसारख्या मसुद्यांचे किमान १५ सराव आणि दस्तलेखनाचे किमान १५ सराव, दोन्हींना ४५-४५ गुण आणि १० गुण तोंडी परीक्षेला. हे पेपर मन लावून घेतले गेले, तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी वकीलपत्र कसे भरायचे हे विचारत फिरावे लागणार नाही. खटला न पाहता तयार वहीतून उतरवलेल्या नोंदीवर सही होत असेल, तर तिथे नियम कमी पडलेला नसतो, नियमाची अंमलबजावणी कमी पडलेली असते, आणि ती जबाबदारी पूर्णपणे महाविद्यालयाची आहे.

पदवी हातात आल्यानंतरही बार कौन्सिलचा संबंध संपत नाही. वकिली करण्यासाठी उत्तीर्ण व्हावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा घेण्याचा तिचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. त्यामुळे विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमात कितीही चांगले बदल केले, तरी या परीक्षेची सावली त्यावर पडतेच.

आता विद्यापीठाकडे वळू. बार कौन्सिल विषयाचे नाव आणि साधारण आशय सांगते. त्या विषयात कोणती प्रकरणे, कोणते निवाडे, किती तास, लेखी परीक्षेला किती आणि अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण, हे ठरवणे विद्यापीठाचे काम असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे आणि अभ्यासक्रमाचा प्रवास त्यात आखून दिलेला आहे. मसुदा तयार होतो तो अभ्यासमंडळात. तिथे त्या विषयाचे विभागप्रमुख, संलग्न महाविद्यालयांतील अध्यापक आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. मसुदा तिथून विद्याशाखेकडे आणि मग विद्यापरिषदेकडे जातो. शैक्षणिक बाबतीत विद्यापरिषदेचा शब्द निर्णायक असतो. अभ्यासक्रमाला आणि शैक्षणिक नियमांना तिची मंजुरी लागते. पैशाचा किंवा प्रशासनाचा प्रश्न आला की विषय व्यवस्थापन परिषदेकडे जातो. परीक्षा, मूल्यमापन, निकाल यांसाठी परीक्षा व मूल्यमापन मंडळ वेगळे असते. एखाद्या गोष्टीला थांबण्यासारखा वेळच नसेल, तर कुलगुरू स्वतः निर्णय घेऊन नंतर तो संबंधित प्राधिकरणापुढे मांडू शकतात. मात्र ही सोय आणीबाणीसाठी आहे आणि नेहमीच्या अभ्यासक्रम बदलासाठी ती वापरली जाऊ नये.

इथे एक गोष्ट मला सलते. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विधी हा विषय मानव्यविज्ञानात येतो. इतिहास, राज्यशास्त्र, भाषा यांच्याशी कायद्याचे नाते घट्ट आहे हे मान्यच. पण दर वर्षी संसद आणि न्यायालये ज्याचा मजकूर बदलतात, असा विषय इतक्या मोठ्या विद्याशाखेच्या रांगेत उभा राहिला की बदलाला उशीर होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच विधीच्या अभ्यासमंडळाने वेळेत बैठक घेणे ही साधी प्रशासकीय गोष्ट वाटली, तरी तिच्यावर बरेच काही अवलंबून असते.

याची कसोटी नुकतीच दोनदा लागली. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाले. मधल्या काळात, २० मे २०२४ रोजी, बार कौन्सिलने परिपत्रक काढून २०२४-२५ पासून ते शिकवण्यास सांगितले. म्हणजे विद्यापीठांना परिपत्रक आणि नवे शैक्षणिक वर्ष यांमध्ये काही आठवडे मिळाले. पुन्हा, १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू राहते. त्यामुळे आज शिकणाऱ्या मुलाला खुनासाठी जुने कलम ३०२ आणि नवे कलम १०३ अशी दोन्ही माहीत असावी लागतात. ५११ कलमांची दंडसंहिता जाऊन ३५८ कलमांची न्याय संहिता आली, तेव्हा जुन्या पुस्तकात नवे आकडे भरण्याचे काम करून भागत नाही. जुन्या तरतुदीवरचे शंभर वर्षांचे निवाडे नव्या मजकुराला कुठपर्यंत लागू पडतात, हे शिकवावे लागते आणि त्याला अभ्यासक्रमात तास राखून ठेवावे लागतात.

कामगार कायद्यांची अडचण नेमकी उलटी होती. जुन्या कामगार अधिनियमांच्या जागी आणलेल्या चार संहितांपैकी वेतन संहिता २०१९ मध्ये आणि उरलेल्या तीन संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाल्या, पण चारही लागू झाल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधली पाच-सहा वर्षे अभ्यासमंडळांपुढे पेच होता: लागू असलेले जुने अधिनियम शिकवावेत, तर मूल पदवी घेईपर्यंत ते रद्द होतील; मंजूर झालेल्या संहिता शिकवाव्यात, तर न्यायालयात त्यांचा उपयोग नाही. आणि शेवटी संहिता लागू झाल्या त्या ऐन सत्राच्या मध्यावर. अशा वेळी अभ्यासमंडळाने स्पष्ट ठराव करून कोणत्या तुकडीला कोणता मजकूर, कोणत्या परीक्षेपासून आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या एटीकेटीच्या विद्यार्थ्यांना किती संधी, हे लेखी सांगणे अत्यावश्यक असते. प्रश्नपत्रिका काढणारा एक आणि शिकवणारा दुसरा असल्यामुळे हा ठराव नसेल, तर वर्गात शिकलेले आणि पेपरात विचारलेले यांचा मेळ बसत नाही आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

मग महाविद्यालयाच्या हातात काय उरते? दिसते त्याहून बरेच जास्त. अध्यापनाची योजना, अंतर्गत मूल्यमापनाची पद्धत, मूटचे विषय, विधी साहाय्य केंद्राचे काम, पाहुण्या वकिलांची व्याख्याने, ग्रंथालयाची खरेदी, या सर्वांवर प्राचार्य, अध्यापक आणि महाविद्यालय विकास समिती यांचा प्रभाव असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऐच्छिक विषय. बार कौन्सिलच्या यादीत संविधान, व्यापार, आंतरराष्ट्रीय व्यापार, गुन्हेशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, बौद्धिक संपदा यांच्या बरोबरीने ‘कायदा आणि शेती’ असाही एक गट आहे. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्याचा निम्मा दिवस सातबारा, फेरफार, वहिवाट, वाटप आणि तहसीलदाराच्या आदेशांवरची अपिले यांत जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ त्याला रोज लागतो. तरीही हा गट घेण्याकडे संस्थांचा कल कमी असतो, कारण शिकवणारा अध्यापक उपलब्ध असेल तोच विषय ‘ऐच्छिक’ म्हणून वेळापत्रकात येतो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली दिवाणी संहिता कौटुंबिक प्रकरणांत आजही लागू असलेल्या गोव्यातही हाच विचार लागू होतो: देशभराची चौकट सांभाळून स्थानिक कायद्याला जागा द्यायची, तर ती विद्यापीठ आणि महाविद्यालय यांनीच शोधून काढली पाहिजे. दिल्लीतला नियम तिथे आडवा येत नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील विधी विद्यापीठे २०१४ च्या स्वतंत्र राज्य कायद्याखाली स्थापन झाली. ती कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नसतात; त्यांची विद्यापरिषद त्यांचीच असते आणि तिच्यावर कार्यकारी परिषद व महापरिषद असतात. अभ्यासक्रम बदलायचा तर शिक्षकांच्या बैठकीपासून विद्यापरिषदेपर्यंतचा प्रवास एकाच आवारात पूर्ण होऊ शकतो. बार कौन्सिलचे नियम मात्र त्यांनाही चुकत नाहीत.

हजेरीचा प्रश्न थोडा सविस्तर पाहू, कारण विद्यार्थ्यांचा सर्वाधिक जीव त्यात अडकतो आणि या कारभाराच्या सगळ्या पातळ्या त्यात एकत्र दिसतात. २००८ च्या नियमांनुसार सत्रान्त परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी. अपवादात्मक कारण असेल तर अधिष्ठाता किंवा प्राचार्य सूट देऊ शकतात, पण त्याला दोन अटी आहेत: त्या विषयात किमान ६५ टक्के हजेरी असावी आणि सर्व विषय मिळून ७० टक्के भरावी. आकड्यांत सांगायचे, तर पाच विषयांचे प्रत्येकी ६० तास झाले असे धरू. एका विषयात ४२ तास उपस्थित राहायला हवे. आजारपणामुळे एका विद्यार्थिनीचे पुरावा कायद्यात ४० च तास भरले. ही हजेरी ६५ टक्क्यांच्या वर आहे, कारण ती रेषा ३९ तासांवर येते. एकूण ३०० तासांपैकी तिचे २१० तास भरले पाहिजेत, म्हणजे उरलेल्या चार विषयांत मिळून १७० तास हवेत. ते असतील तर प्राचार्य सूट देऊ शकतात. पुरावा कायद्यात ३८ तास असतील, तर नियमाप्रमाणे प्राचार्यांचा अधिकार तिथे संपतो, मग कारण कितीही खरे असो.

या कडक नियमाची दुसरी बाजू न्यायालयापुढे आली. २०१६ मध्ये दिल्लीतील एका विधी विद्यार्थ्याने आत्महत्या केली आणि त्यातून सुरू झालेल्या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, केवळ किमान हजेरी नाही म्हणून विधी विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे सांगितले आणि बार कौन्सिलला हजेरीच्या निकषांचा फेरविचार करण्यास सांगितले. वर्गात येण्याची सवय लागलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वकिली ही ऐकण्याची आणि उत्तर देण्याची विद्या आहे आणि ती घरी बसून येत नाही. पण हजेरी कमी पडते आहे हे विद्यार्थ्याला सत्राच्या शेवटच्या आठवड्यात यादी लागल्यावर कळत असेल, तर चूक त्या व्यवस्थेची आहे. दर महिन्याला हजेरीचा तक्ता लावणे, कमी पडणाऱ्याला बोलावून विचारणे आणि पालकांना वेळेवर कळवणे यासाठी कोणत्याही परिषदेच्या मंजुरीची गरज नाही. प्राचार्य हे उद्यापासून सुरू करू शकतात.

परीक्षेच्या बाबतीत विद्यापीठ कायदा स्पष्ट आहे: शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लावला पाहिजे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईच्या निर्णयामुळे निकाल कित्येक महिने रखडले आणि विधीच्या विद्यार्थ्यांनाही त्याचा मोठा फटका बसला. मूल्यमापनाची पद्धत बदलण्यापूर्वी ती छोट्या प्रमाणावर करून पाहणे किती गरजेचे असते, हे त्या वर्षाने दाखवले.

तक्रार कुठे करायची, हे आता सोपे होते. विषय अनिवार्य का आहे, इंटर्नशिप इतके आठवडे का, हे प्रश्न बार कौन्सिलच्या नियमांचे आहेत. प्रकरणे, गुणांची विभागणी, जुन्या-नव्या अभ्यासक्रमाचा घोळ यांसाठी अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना आणि कुलसचिवांना लिहावे. निकाल आणि पुनर्मूल्यांकन परीक्षा विभागाकडे. अंतर्गत गुण, हजेरीची नोंद, वर्ग न होणे ही महाविद्यालयाची बाब; तिथे दाद लागली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे आणि तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. केवळ गुण वाढवून मिळावेत म्हणून लोकपालाकडे जाता येत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. अभ्यासमंडळ आणि विद्यापरिषद यांच्या बैठकींचे इतिवृत्तही त्याच मार्गाने मागता येते. अर्ज करताना ‘अभ्यासक्रम का बदलला’ असे न विचारता, कोणत्या तारखेच्या बैठकीत, कोणत्या ठरावाने आणि कोणत्या तुकडीपासून बदल लागू केला, त्याची प्रत मागावी. कागद हाती आला की पुढचे बोलणे नेमके होते.

भाषेचा मुद्दा याच चौकटीत बसतो. बार कौन्सिलच्या नियमांत अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे, पण विद्यापीठाने दुसऱ्या भाषेत शिकवण्याची किंवा उत्तरे लिहिण्याची मुभा दिली, तर ती चालते. अशा विद्यार्थ्यांना इंग्रजी हा विषय घ्यावा लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राज्यातील विधी संस्थांनी इंग्रजी आणि राज्यभाषा अशा दोन्हींतून शिक्षण देण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. म्हणजे वरून दार बंद नाही. अभ्यासमंडळाने संदर्भग्रंथांच्या यादीत चांगली मराठी पुस्तके घालणे, मसुदालेखनाच्या १५ सरावांपैकी काही मराठीत करून घेणे, कारण तालुका न्यायालयात आणि महसूल कार्यालयात कामकाज मराठीतच चालते, आणि मूटची किमान एक फेरी मराठीत ठेवणे, हे तिन्ही निर्णय आज लागू असलेल्या नियमांत बसतात. पहिल्यासाठी अभ्यासमंडळाची एक बैठक पुरते. उरलेल्या दोनांसाठी महाविद्यालयातील अध्यापकांची.